पवईचा ‘नेत्र’

‘थ्री इडियट्स’ पाहिलेल्या कोणालाही ते यंत्र आठवत असेल. चार पंख्यांचं, कॅमेरा लावलेलं, हॉस्टेलच्या खिडकीपर्यंत चढत जाणारं आणि आत काय घडलंय ते खाली उभ्या असलेल्या मित्रांना दाखवणारं. २००९ च्या डिसेंबरात चित्रपट आला तेव्हा बहुतेकांना ती सिनेमावाल्यांची करामत वाटली. यंत्र खरं होतं, आणि आपल्याच उपनगरातलं होतं. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या अंकित मेहता, राहुल सिंह आणि आशिष भट या मंडळींनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ नावाची कंपनी काढली. आयआयटीच्याच ‘साइन’ या नवउद्योग केंद्रात ती वाढली. त्यांचं सुरुवातीचं उत्पादन ड्रोन नव्हतंच. हाताने फिरवून मोबाइलची बॅटरी भरायचा चार्जर होता. सध्या कंपनीचा पत्ता खाडीपलीकडचा, नवी मुंबईतल्या महापेचा आहे.

पुण्याजवळ दिघीला डीआरडीओची एक प्रयोगशाळा आहे. तिच्याबरोबर या कंपनीने जो ड्रोन घडवला तो ‘नेत्र’. वजन दीड किलोच्या आसपास, अंग कार्बन फायबरचं, एका बॅटरीवर साधारण अर्धा तास उड्डाण. त्याची खरी हुशारी चालवणाऱ्याला मोकळं ठेवण्यात आहे. लॅपटॉपवरच्या नकाशावर बोट ठेवून जागा दाखवायची, यंत्र आपलं आपण तिथे जातं आणि हवेत थांबून राहतं. संपर्क तुटला किंवा बॅटरी उतरली, तर जिथून उडालं तिथे परत येऊन उतरतं. दोन्ही हातांत नियंत्रणाच्या काठ्या धरून आकाशाकडे टक लावायची गरज नाही, त्यामुळे जवानाचं लक्ष पडद्यावर राहतं. शोधकार्यात नेमकं हेच हवं असतं.

जून २०१३ मध्ये केदारनाथ खोऱ्यात महापुराने हाहाकार झाला तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने (एनडीआरएफ) ‘नेत्र’ तिथे नेला. हेलिकॉप्टरला मोकळी हवा लागते, उतरायला जागा लागते, आणि अरुंद दरीत शिरताना वैमानिकाचा जीव टांगणीला लागतो. दीड किलोच्या यंत्राच्या बाबतीत तो घोर नाही. तुटलेल्या वाटेपलीकडे कोणी अडकलंय का, हे पाहायला ते पुढे धाडायचं आणि मग माणसं कुठे पाठवायची ते ठरवायचं. आपत्तीत लहान ड्रोन वापरायची सुरुवात जगातही फार जुनी नाही. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आलं, तेव्हा रॉबिन मर्फी या संशोधिकेच्या गटाने मिसिसिपीत असं छोटं विमान उडवलं. ते पहिल्या नोंदलेल्या वापरांपैकी एक मानलं जातं.

कतरिनाच्या महिनाभर आधी आपल्याकडे मुंबईत २६ जुलैचा प्रलय झाला होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदी विमानतळाच्या भिंतीला भिडली, विमानतळ बंद पडला आणि साकीनाक्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली. त्या रात्री शहराकडे वरून बघणारं काहीच नव्हतं. कुठला रस्ता बुडाला, कुठली वस्ती तुटली, हे फोन लागेल तसं कळत होतं, आणि फोन लागत नव्हते.

मग आज ‘नेत्र’सारखे ड्रोन असताना २६ जुलै आला तर? उत्साही मंडळी इथे लगेच टाळ्या वाजवतात. मी जरा हात आखडता घेतो. उपनगरातली आपत्ती केदारनाथसारखी नसते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात डोंगर खचला, २०१९ च्या जुलैत मालाडच्या कुरारला जलाशयाची संरक्षक भिंत कोसळून तीसएक माणसं गेली, १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारत नगरात १९ आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात १० जण गेले. शेवटच्या दोन्ही घटना मध्यरात्र उलटल्यावरच्या, धो-धो पावसातल्या. अशा वाऱ्यापावसात लहान ड्रोन तग धरेलच याची खात्री नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा अंधारात माणूस दाखवतो. चिखलाच्या थराखालचा माणूस दाखवत नाही. तिथे कान लावून ऐकणारा जवान, श्वानपथक आणि हातोहात जाणारी घमेली हेच खरं. बोळ इतका चिंचोळा की जेसीबी शिरत नाही, ही त्या रात्रीची अडचण असते, आणि ती आकाशातून सुटत नाही.

शिवाय वरून बघायचं म्हटलं, तरी जुलैत दिसणार काय? मे संपत आला की असल्फ्यापासून भांडुपपर्यंतच्या डोंगरउतारावर ताडपत्र्या चढतात. निळ्या, कडेला दोरी बांधलेल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून विटा आणि जुने टायर ठेवलेल्या. पंधरा दिवसांत अख्खा उतार निळा होतो. त्या निळाईखाली जिना कुठे, गटार कुठे, दोन घरांमधली फट कुठे, काहीच उमगत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की उपनगरासाठी ड्रोन हे एप्रिल-मेचं यंत्र आहे. पावसाआधी, ताडपत्र्या चढण्याआधी ते उडवायला हवं. काम किचकट नाही. शंभरेक मीटर उंचीवरून यंत्र शेत नांगरावं तसं ओळीने मागे-पुढे जातं आणि फोटो घेत राहतं. शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सारखाच यावा लागतो, कारण एकच दगड वेगवेगळ्या कोनांतून दिसला की संगणक त्याची उंची काढतो. जमिनीवर आधी काही खुणा रंगवून त्यांचं नेमकं स्थान मोजून ठेवायचं, म्हणजे नकाशा सरकत नाही. तयार चित्रात एक ठिपका जमिनीवरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तिरक्या कोनातून घेतलेल्या फोटोंत संरक्षक भिंतीचा फुगवटा दिसतो, आणि पाणी बाहेर पडायची भोकं उघडी आहेत की बुजली आहेत तेही. पुढच्या वर्षी तोच उतार पुन्हा टिपला आणि दोन्ही नकाशे एकमेकांतून वजा केले, की माती कुठे सरकली ते कळतं. दरड कोसळलीच, तर ढिगारा किती आणि त्याखाली कोणती घरं होती हे सांगायला तोच जुना नकाशा लागतो.

यात नवलाचं काही नाही. गावठाणांची मोजणी अशाच ड्रोनने होते. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत राज्याने तिचा पहिला प्रयोग केला होता. गावात मालमत्ता पत्रक मिळायचं असतं, म्हणून लोक स्वतः हद्द दाखवायला उभे राहतात. पण डोंगरउतारावरच्या झोपडीत राहणाऱ्याला वरून फोटो काढणारं यंत्र दिसलं, की पहिली शंका येते ती पाडकामाची. ती शंका खोटी आहे असं कोणत्या तोंडाने सांगणार? वस्तीतल्या मंडळाला, महिला बचत गटाला आधी नकाशा दाखवल्याशिवाय हे काम निभणार नाही.

दुसरी अडचण आकाशातच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी बरंच मोकळं केलं: विमानतळाभोवतीचा, परवानगी लागणारा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ वर आला, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या टापूत २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. पण घाटकोपर, असल्फा, साकीनाका, अंधेरी ही सगळी सहार विमानतळाच्या अगदी कुशीत. जिथे दरडी आणि मिठी दोन्ही आहेत, तिथेच परवानगीशिवाय उडता येत नाही. त्यात मुंबई पोलीस सुरक्षेसाठी अधूनमधून ड्रोनबंदीचे आदेश काढतात, तेही शहाणपणाचंच. म्हणजे महापालिका, विमानतळ आणि पोलीस यांच्यात कागद फिरायचा तो मार्चमध्ये फिरला पाहिजे.

‘आयडियाफोर्ज’ला मात्र दरडींनी मोठं केलेलं नाही. तिचा मोठा ग्राहक सैन्य. २०२१ मध्ये लष्कराने तिची ‘स्विच’ ही पंखवाली, तरी जागच्या जागी उभी चढणारी विमानं घेतली. कंपनी जुलै २०२३ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा ६७२ रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी जवळपास दुपटीने उघडला. ज्याचे पैसे येतात त्याच्यासाठी यंत्र घडतं. महापालिकेला सीमेवरचं महागडं यंत्र नकोच आहे. मे महिन्यात चार-पाच दिवस कोणाचंही चांगलं यंत्र भाड्याने मिळालं तरी भागेल.

आणि नकाशा झाला, की तो मोठ्या कागदावर छापून वॉर्ड ऑफिसात, जवळच्या अग्निशमन केंद्रात आणि अंधेरीला तैनात असणाऱ्या एनडीआरएफच्या तुकडीकडे द्यावा. रात्री अडीचला, पावसात, महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर फोन आल्यावर लॅपटॉप उघडून त्रिमिती नमुना फिरवत बसायला कोणाला वेळ नसतो. कागदावर जिने, बोळांची रुंदी, गाडी कुठवर जाते आणि जखमींना कुठल्या मोकळ्या जागेत आणायचं, एवढं दिसलं तरी पुरे. वरून प्लास्टिकचं आवरण मात्र हवं.