ट्रॅक्टरची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा



गटाच्या अवजार बँकेत जुना ट्रॅक्टर असला की पेरणीच्या तोंडावर ही तक्रार हमखास येते. सकाळी सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज येतो. चालक म्हणतो, "बॅटरी गेली, नवी आणा." गटाचे पैसे खर्च होतात आणि काही दिवसांनी नवी बॅटरीही उतरते. असं का होतं? बॅटरी वीज फक्त साठवते. इंजिन चालू असताना ती भरायचं काम डायनॅमो किंवा अल्टरनेटर करतो. बिघाड तिथे असेल, तर बॅटरी बदलून काय उपयोग?

म्हणून खालच्या क्रमाने बघा. आधी इंजिन बंद करून चावी काढा, पदर-ओढणी नीट खोचा, हातातल्या धातूच्या बांगड्या काढा. बॅटरीजवळ काडी, विडी नको.

१) बेल्ट : दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. जास्त ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट घसरतो आणि चार्जिंग होत नाही.

२) टर्मिनल : पांढरी-हिरवी बुरशी दिसते का? वायर सोडवून कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने घासा. बॉडीला जोडलेली अर्थिंगची वायर आधी सोडवा आणि शेवटी जोडा. सोड्याचं पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका.

३) लाल दिवा : चावी फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर आधी बल्ब बघा. बऱ्याच अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला या बल्बमधूनच वीज मिळते.

४) मल्टिमीटर : १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. आता इंजिन सुरू करून रेस वाढवा, कारण जुना डायनॅमो कमी रेसवर चार्ज करत नाही. आकडा १३.८ ते १४.४ झाला तर चार्जिंग ठीक आहे. वाढलाच नाही तर डायनॅमो-अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा मधली वायर तपासून घ्या. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. त्याने बॅटरीतलं पाणी आटतं.

चार्जिंग ठीक आहे, बॅटरी बाहेरून पूर्ण चार्ज केली, तरी उभ्या ट्रॅक्टरवर रात्रीत उतरते? मग वायर सोडवून ठेवून बघा. तरीही उतरली तर मात्र बॅटरीच गेली.

एक चूक टाळा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग बघायची' पद्धत आहे. त्याने अल्टरनेटरचे डायोड जळतात. कुणालाही तसं करू देऊ नका.

ताई, पुढच्या वेळी बैठकीत नव्या बॅटरीचा विषय निघाला, तर आधी विचारा : "इंजिन बंद असताना किती आणि चालू असताना किती?" दोन्ही आकडे नोंदवहीत लिहा, मगच ठरावावर सही करा.