मुंबईतील मधुमेह नियंत्रण
मधुमेह हा आयुष्यभर सांभाळावा लागणारा विकार असल्याने परळच्या के.ई.एम.सारख्या मोठ्या रुग्णालयापेक्षा घराजवळच्या दवाखान्यावर त्याचे नियंत्रण अधिक अवलंबून असते. मुंबई महानगरपालिकेच्या २०२१ मधील सर्वेक्षणात १८ ते ६९ वयोगटातील सुमारे १८ टक्के व्यक्तींची उपाशीपोटी रक्तशर्करा वाढलेली आढळली. गोळ्या मोफत मिळत असल्या तरी लालबाग-परळमधील रोजंदारीवरील रुग्णासाठी सकाळची रांग म्हणजे कामाचा खाडा. त्यातच त्रास जाणवत नसल्याने उपचार खंडित होतात आणि डोळे, मूत्रपिंडे व पाय यांना हानी पोहोचते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेतील अनेक दवाखाने रात्री १० पर्यंत उघडे असतात. नव्या यंत्रांपेक्षा ही वेळच बहुधा अधिक उपयोगी आहे. तळपायांची रोजची पाहणी तर घरीच, विनाखर्च करता येते.