मीटरवर न येणारा अर्धा तास

नालवाडीत घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न गल्लीचा निघतो. वर्ध्याला चिकटून वाढलेलं हे गाव. एकीकडे जुनी वस्ती, दुसरीकडे नवे लेआउट, त्यात नागपूर रोडची वर्दळ. गिट्टी, रेती, मुरूम ट्रॅक्टरने गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. पुढे काय करायचं? सात-साडेसात टनांचा जेसीबी आत घातला तर लोकांचे ओटे, नाल्या, नळाची लाइन, सगळ्याचा बोऱ्या वाजतो. मग घमेली निघतात आणि ती बहुतेक वेळा बायांच्याच डोक्यावर चढतात. दिवसभर वाकायचं, भरायचं, उचलायचं, ओतायचं, पुन्हा वाकायचं. मला या लेखात ज्या यंत्राबद्दल लिहायचं आहे, ते हे ओझं उतरवणारं यंत्र आहे. छोटा लोडर.

आपल्याकडे त्याला सरसकट ‘बॉबकॅट’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. त्याच्या दोन जाती आहेत. एकीत चालक पिंजऱ्यासारख्या केबिनमध्ये बसतो, तो स्किड स्टिअर लोडर. दुसरी त्याहून लहान. तिला केबिनच नसते. चालक मागच्या फळीवर उभा राहून किंवा मागे चालत ती हाकतो. रुंदी मीटरभराच्या आसपास, त्यामुळे अंगणाच्या फाटकातून ती सहज आत जाते. पुढे बकेट लावली की माती उचलते, फोर्क लावले की पोती उचलते, ऑगर लावला की खांबासाठी खड्डा पाडते.

या यंत्राचा जन्म शेण-विष्ठा उचलण्यासाठी झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉथसे गावात सिरिल आणि लुई केलर या भावांचं दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. टर्की पाळणारा एडी वेलो नावाचा एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याची पक्ष्यांची शेड दुमजली, आत जागोजागी खांब. साफसफाईला यंत्र हवं, पण ते वरच्या मजल्याला पेलेल इतकं हलकं आणि खांबांमधून वळेल इतकं आटोपशीर. केलर बंधूंनी 1957 मध्ये तीन चाकांचा लोडर त्याच्या हवाली केला. पुढच्याच वर्षी मेलरो कंपनीने ती कल्पना घेतली, 1960 मध्ये चार चाकांचं रूप आलं आणि 1962 मध्ये बॉबकॅट हे नाव पडलं. उभ्याने चालवायचा लहान प्रकार नंतरचा. त्यातला ‘डिंगो’ ऑस्ट्रेलियातून जगभर गेला.

नालवाडीत बसून हा इतिहास वाचताना मला सुरगाव आठवतं. 1938 मध्ये पवनारला जाण्याआधी विनोबा नालवाडीत राहत होते. पुढे पवनारहून रोज चालत सुरगावला जाऊन मैला साफ करायचं काम त्यांनी दीर्घकाळ केलं. इथल्याच गोपुरीत जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे दिवस गोसेवेला दिले. गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं चर्मालय इथे चालवलं. घाण कुणी उचलायची आणि उचलणाऱ्याचा मान कसा राखायचा, हा प्रश्न या मातीत फार गांभीर्याने विचारला गेला आहे. शेणाचा ढीग उपसणारं यंत्र इथे आलं तर ते उपरं आहे असं मला वाटत नाही. मात्र ते चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, ही अट त्याच प्रश्नातून येते.

आता यंत्राकडे जरा जवळून बघू. त्याला स्टिअरिंगने वळणारं चाक नाही. डावीकडची दोन्ही चाकं एका हायड्रॉलिक मोटरवर, उजवीकडची दुसरीवर. एक बाजू जोरात आणि दुसरी हळू किंवा उलट फिरवली की गाडी जागच्या जागी घासत वळते. उचलणारे दोन हात, म्हणजे आर्म, चालकाच्या मागे बिजागरलेले असतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे येतात. चढण्या-उतरण्याची वाट समोरून, बकेटवरून. धोका नेमका इथे आहे. आर्म वर असताना कुणी आत-बाहेर करायला गेलं आणि कोपर लिव्हरला लागलं, तर आर्म आणि चौकट यांच्या कैचीत माणूस सापडतो. म्हणून केबिनच्या लोडरमध्ये मांडीवर येणारा बार असतो. तो वर केला की आर्म आणि चाकं दोन्ही बंद पडतात. हा बार म्हणजे चालकाचा प्राण. आणि कित्येक ठिकाणी त्याचाच स्विच वायर जोडून ‘डायरेक्ट’ केलेला दिसतो, कारण बार सारखा वर-खाली करायचा कंटाळा येतो. असं यंत्र दिसलं तर काम थांबवायचा हक्क हेल्परलासुद्धा असला पाहिजे.

उचललेल्या आर्मखाली हात घालायचा असेल तर त्याआधी आर्मचा लोखंडी अडणा जागेवर बसलाच पाहिजे. हायड्रॉलिकवर विश्वास टाकून कुणी खाली जाऊ नये. होज फुटायला क्षण लागतो. उभ्याच्या लोडरची गोष्ट थोडी निराळी. हँडल सोडलं की तो थांबतो. पण रिव्हर्स घेताना चालक मागे चालत असतो, आणि पाठीमागे भिंत असली तर यंत्र आणि भिंत यांच्यामध्ये तोच येतो. गल्लीतल्या कामात हे फार जपावं लागतं.

वजनाचा हिशेब डोक्यात पक्का हवा. चाकाच्या लोडरने किती उचलायचं याचा आकडा ठरवताना, ज्या वजनाला तो पुढे कलंडेल त्याच्या निम्मंच धरतात. पट्ट्याच्या, म्हणजे ट्रॅकच्या लोडरला त्याहूनही कमी, 35 टक्के. ओली माती कोरडीपेक्षा बरीच जड असते, तेव्हा उन्हाळ्यात उचललेली बकेट पावसाळ्यात तितक्याच भरतीने उचलायची नाही. चालताना बकेट जमिनीलगत ठेवायची. चढावर यंत्राची जड बाजू नेहमी वर. रिकाम्या लोडरचं वजन मागे, इंजिनाकडे असतं, म्हणून चढ उलटा चढायचा. भरलेल्याचं वजन पुढे जातं, म्हणून सरळ चढायचा आणि उलटा उतरायचा. वर्ध्याकडे डोंगर नाहीत, पण गाडीवर लोडर चढवायच्या दोन फळ्या रोजच्या आहेत. घात तिथेच होतो.

आपली काळी माती हा वेगळाच विषय आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि लोण्यासारखी होते. वरून सुकलेली दिसते, आत चिखल असतो. नव्या भरावाच्या किंवा खोदलेल्या चराच्या काठावर लोडर नेला की एक चाक अलगद खचतं आणि गाडी आडवी होते. काठापासून लांब राहायचं आणि जमिनीवर आधी पाय रोवून बघायचा. खाली काय पुरलंय हेही विचारायचं. नळाची लाइन, विजेची केबल, मोबाइल कंपनीचा फायबर. 2023 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप याच कामासाठी सुरू केलं. ते वापरायची सवय ठेकेदारांनी लावून घ्यायला हवी. गावातल्या जुन्या प्लंबरला विचारणंही तितकंच मोलाचं. कित्येक लाइनी नकाशावर नसतात, त्याच्या डोक्यात असतात.

आणि बकेटमध्ये माणूस नाही. कधीच नाही. फांदी तोडायला नाही, पथदिव्याचा बल्ब बदलायला नाही. हल्ली मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहून फुलं उधळायची रीत पडली आहे. लहान पोरं ते बघतात आणि बकेट ही उभं राहायची जागा आहे असं त्यांच्या मनात बसतं. मला त्याची फार भीती वाटते.

सकाळची वेळ. इंजिन थंड आहे, आर्म जमिनीवर टेकलेले आहेत, किल्ली चालकाच्या खिशात. तो आधी गाडीभोवती एक फेरी मारतो. रात्रीतून खाली तेलाचा ठिपका पडला आहे का, टायरात हवा आहे का, नट ढिला झाला आहे का. मग डिपस्टिक ओढून फडक्याने पुसतो, पुन्हा घालतो, उजेडाकडे धरून बघतो. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. मग ग्रीस गन. आर्मच्या प्रत्येक पिनाला एक निप्पल असतं. आधी ते पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर वाळूही आत जाते आणि ग्रीसच कानस होऊन बूश खाते. गनचा दांडा दाबत राहायचं. पिनाच्या कडेने जुनं काळं ग्रीस बाहेर येतं, त्यामागून नवं, स्वच्छ दिसलं की थांबायचं. अशाच एका चालकाने मला सांगितलं, “इंजिन बोलते भाऊ, पिन नाई बोलत. ते सीधी तुटते.” वर्धेकडच्या बोलीत एवढ्या थोडक्यात देखभालीचं मर्म मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

मग होज. या नळ्यांत 200 बारच्या आसपास दाब असतो. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे हा जवळपास शंभर पट झाला. नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत जाते. गळती शोधायला हात फिरवायचा नाही. लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, त्याच्यावर तेल उमटतं. डोळ्यांना चष्मा हवा. नळी सोडायच्या आधी इंजिन बंद करायचं, आर्म खाली टेकवायचे, लिव्हर दोन्हीकडे हलवून अडकलेला दाब सोडायचा. आणि तेल शिरलंच तर? जखम काटा रुतल्यासारखी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून कामाला लागतो. काही तासांत बोट, हात गमवायची वेळ येऊ शकते. ताबडतोब सर्जनकडे जायचं आणि ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट शब्दांत सांगायचं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय नालवाडीपासून जवळ आहे. तेव्हा अंतराची सबब इथे चालत नाही.

वर्ध्याच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तेव्हा हायड्रॉलिक तेल पातळ होतं, आर्म सुस्तावतात, इंजिन तापतं. रेडिएटरची जाळी रोज उलट्या बाजूने हवा मारून साफ करायची. त्यात आपला भाग कापसाचा. जिनिंगच्या आवारात काम असेल तर रुईचा बारीक तंतू जाळीत, इंजिनाखालच्या पत्र्यावर, सायलेन्सरच्या आसपास साठतो. गरम लोखंड आणि रुई एकत्र आली की आग लागायला वेळ लागत नाही. तिथे दिवसातून अनेकदा सफाई करावी लागते आणि आग विझवायचा सिलिंडर गाडीवरच हवा. बंद गोदामात डिझेलचा धूर कोंडतो, म्हणून दारं उघडी ठेवायची. इंजिन ऑइल, फिल्टर, चेन किंवा पट्ट्याचा ताण यांचे तास प्रत्येक यंत्राच्या पुस्तकात दिलेले असतात. ते पुस्तक मालकाच्या कपाटात बंद न राहता चालकाच्या सीटमागे असायला हवं.

तास म्हटलं की तास-मीटर आला. लोडर भाड्याने चालतो तो तासावर. इंजिन सुरू झालं की मीटर चालू, बंद झालं की बंद. पण वर सांगितलेलं सगळं, फेरी, ग्रीस, होज, जाळी, इंजिन बंद असतानाच करायचं असतं. म्हणजे यंत्राचं आयुष्य आणि माणसाचा जीव ज्या अर्ध्या तासावर अवलंबून आहे, तो मीटरवर येतच नाही. त्याचं बिल होत नाही. ठेकेदार आठ वाजता ‘गाडी लावा’ म्हणतो, चालक साडेआठला आला तर अर्धा दिवस कापतो. मग ग्रीस उद्यावर, जाळी परवावर. चालक हलगर्जी असतात असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या वेळेचे पैसे नाहीत ती वेळ कोण किती दिवस देईल?

1929 मध्ये गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्यात सुताची लांबी आणि किंमत यांच्या अटी होत्याच. चरखा 150 रुपयांच्या आत तयार व्हावा असं त्यात म्हटलं होतं. त्यांच्यासोबत आणखी अटी होत्या. बाईला तो आठ तास फार त्रास न होता चालवता यावा, वेळच्या वेळी देखभाल केली तर तो वीस वर्षं टिकावा, आणि वर्षाच्या देखभालीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कुणाला मिळालं नाही. पण यंत्र मागतानाच त्याच्या देखभालीचा आणि ते चालवणाऱ्या शरीराचा हिशेब मांडणारी ती जाहिरात मला आजच्या कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा पुढची वाटते. आणि चरख्याचा सरंजाम घडवायचं काम पुढे याच नालवाडीत, ग्रामसेवा मंडळात झालं.

तेच तत्त्व लोडरला लावायला कायदा बदलावा लागत नाही. भाड्याच्या चिठ्ठीवर एक ओळ वाढवायची, ‘सकाळची देखभाल, अर्धा तास’, आणि ती दरात धरायची. ग्रामपंचायतीने नाली-रस्त्याच्या कामासाठी लोडर लावताना ही ओळ आधी स्वतःच्या चिठ्ठीत घालावी, बार ‘डायरेक्ट’ केलेली गाडी कामावर घेऊ नये, आणि चालकाच्या वहीत रोजच्या ग्रीसची सही बघूनच बिल काढावं.