तीन सेंटिमीटरची किंमत

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी आपली मोटार दाखवायला आला. गाडी जरा बुटकी दिसत होती. "सर, तीन सेंटिमीटर खाली घेतली. वळणावर आता मुळीच कलत नाही!" तो म्हणाला. आम्ही चौघे फेरफटक्याला निघालो आणि कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर धाडकन आवाज झाला. असे का व्हावे?

त्याच्या मोटारीला 'कॉइलओव्हर' बसवले होते. यात शॉक ॲब्सॉर्बरच्या, म्हणजे धक्काशोषकाच्या, नळीभोवतीच स्प्रिंग असते. नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. स्प्रिंग ज्या चकतीवर टेकते, ती या आट्यांवर फिरते. पान्याने चकती खाली उतरवली की स्प्रिंग आणि तिच्यावर विसावलेली मोटार, दोन्ही खाली येतात.

पुष्कळांना वाटते, आता स्प्रिंग सैल पडली. पण रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आठवा. स्प्रिंग किती दबते हे तिच्यावरील बलावर ठरते. समजा, एका चाकाच्या स्प्रिंगवर २५०० न्यूटन भार आहे आणि ती १ मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन बल लागते. मग ती १० सेंटिमीटर दबणार. चकती वर असो वा खाली. प्रयोगशाळेत पडताळून पाहा. स्टँडला स्प्रिंग टांगून वजन लावा आणि स्टँडची पकड ३ सेंटिमीटर खाली घ्या. स्प्रिंगची लांबी तीच राहते. वजन आणि टेबल यांमधले अंतर मात्र घटते.

मोटारीने नेमके हेच अंतर गमावले. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर स्प्रिंगला आणखी दबायला समजा ७ सेंटिमीटर जागा होती. ती ४ उरली. जागा संपली की आतला रबरी गट्टू आदळतो. धक्क्याची जी ऊर्जा स्प्रिंग सामावून घेते, ती या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ७ चा वर्ग ४९, ४ चा १६. म्हणजे धक्का पचवण्याची ताकद एक-तृतीयांशावर आली! शिवाय आमच्या वजनाने प्रत्येक चाकावर सुमारे ५०० न्यूटन भार वाढला. त्याने आणखी २ सेंटिमीटर खाल्ले.

मिळाले काय? वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. ती ५० सेंटिमीटरची ४७ झाली, तर हा भार ६ टक्के घटतो. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गावर त्याचे मोल आहे. तिथे ताठ स्प्रिंग वापरून जागेची उणीव भरून काढतात. आपल्या रस्त्यांवर तशी स्प्रिंग हाडे खिळखिळी करील.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने चकती पुन्हा वर फिरवली. त्याने ती १ सेंटिमीटरच खाली घेतली असती तर? आकडेमोड आता तुम्हीच करून पाहा.