प्रोटॉन ड्राइव्ह आणि लिनक्स: रागातलं खरं-खोटं

प्रोटॉन कंपनीची फायली कूटबद्ध ठेवणारी क्लाउड सेवा, प्रोटॉन ड्राइव्ह, सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. विंडोजचं अ‍ॅप जुलै २०२३ मध्ये आलं, मॅकचं त्याच वर्षी नोव्हेंबरात. लिनक्सवाले मात्र २०२५ उजाडलं तरी ताटकळतच होते. खासगीपणाची सर्वाधिक काळजी करणाऱ्या गिऱ्हाइकालाच शेवटच्या पंगतीला बसवलं, हा राग रास्त आहे. पण त्या रागात फिरणारी काही विधानं तपासून घेतलेली बरी.

‘कंपनीला लिनक्सचं वावडंच आहे.’
तसं दिसत नाही. याच कंपनीचं व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणारं प्रोटॉन पास आणि मेल ब्रिज, तिन्ही लिनक्सवर चालतात. घोडं अडलं ते ड्राइव्हपाशी.

‘विंडोजचं अ‍ॅप थोडं बदललं की झालं.’
खरी मेख इथे आहे. फाइल फोल्डरमध्ये दिसते पण डिस्कवर जागा खात नाही, उघडली की उतरते. ही सोय विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनेच क्लाउड फाइल्स एपीआयच्या रूपात दिली आहे. मॅकवर अ‍ॅपलचं फाइल प्रोव्हायडर आहे. लिनक्सवर सगळ्या डेस्कटॉपना लागू पडेल असं तयार काही नाही. फ्यूजच्या (कर्नलबाहेरून फाइल सिस्टिम उभारण्याच्या सोयीच्या) आधाराने ते स्वतः उभारायचं, मग ग्नोम आणि केडीईच्या फाइल मॅनेजरांशी वेगवेगळं जुळवून घ्यायचं. फायलींमधले बदल टिपणारी कर्नलची आयनोटिफाय यंत्रणाही उपफोल्डर आपसूक धरत नाही. प्रत्येकावर वेगळी नजर ठेवावी लागते.

काम किचकट आहे, अशक्य नाही. ड्रॉपबॉक्स, नेक्स्टक्लाउड आणि मेगा यांची लिनक्स अ‍ॅपं वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि मेगा तर एंड-टू-एंड एन्क्रिप्शनवालीच सेवा. तेव्हा ‘तांत्रिक अडचण’ हे अर्धंच कारण. आधी कोणाचं काम हातात घ्यायचं हा कंपनीचा निर्णय असतो, आणि तो लिनक्सच्या बाजूने झाला नाही. (गूगल ड्राइव्ह तर २०१२ पासून आहे, त्याचंही अधिकृत लिनक्स अ‍ॅप आलेलं नाही.)

‘नुसतं वेबडॅव्ह सुरू करा.’
वेबडॅव्ह, म्हणजे नेटवरच्या फायली थेट उघडण्याची पद्धत, सर्व्हरवर सुरू करून हाती काही लागणार नाही. सर्व्हरकडे फायली उलगडण्याची किल्लीच नसते. फायली, त्यांची नावंसुद्धा, तुमच्याच मशीनवर कूटबद्ध होऊन वर जातात, त्यामुळे तो देईल ती निव्वळ अगम्य अक्षरं. उलगडणारा प्रोग्राम तुमच्या संगणकावरच हवा. मेल ब्रिज नेमकं हेच करतो: मेल इथे उलगडून थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रामच्या हवाली करतो. मग ड्राइव्हसाठी असाच ब्रिज का नाही, हे कंपनीला विचारायलाच हवं.

‘आरक्लोन आहे ना, मग तक्रार कशाला?’
क्लाउडशी फायलींची देवाणघेवाण करणारं आरक्लोन सप्टेंबर २०२३ च्या १.६४ आवृत्तीपासून प्रोटॉन ड्राइव्हशी बोलतं, हे खरं. पण तेव्हा एपीआयची कागदपत्रं प्रसिद्ध झालेली नसल्यामुळे ही जोडणी कंपनीच्या अ‍ॅपांचा खुला कोड वाचून बाहेरच्यांनी रचली. सर्व्हरच्या बाजूला काही बदललं की ती अडखळू शकते. शिवाय बहुतेक सगळं टर्मिनलमधून. मागे गुपचूप चालत दोन्हीकडच्या फायली जुळवत राहणारं अ‍ॅप ते नव्हे.

तरी वापरायचंच असेल तर आधी ब्राउझरमधून एकदा लॉगिन करा, किल्ल्या तेव्हाच तयार होतात. आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलमध्ये तुमचा पासवर्ड नुसता झाकलेला असतो, कूटबद्ध नसतो. फाइल ज्याच्या हाती लागेल त्याला तो सहज काढता येतो. त्या फाइललाच पासवर्ड घालायची सोय आरक्लोनमध्ये आहे. तीही चालू करा.