वस्तरा कोणाच्या हाती? : बाह्यरूप, साचेबद्ध प्रतिमा आणि अफवा

बाह्यरूपावरून माणसाची पारख करण्याच्या प्रवृत्तीचा, विशेषतः कृष्णवर्णीय पुरुषांविषयी रूढ असलेल्या साचेबद्ध प्रतिमेचा, विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांच्या अफवांविषयीच्या १९४७ मधील ग्रंथात एक प्रयोग वर्णिला आहे. भुयारी रेल्वेच्या डब्याचे चित्र. त्यात एक कृष्णवर्णीय व एक गौरवर्णीय पुरुष समोरासमोर उभे आहेत. उघडा वस्तरा गौरवर्णीयाच्या हाती आहे. पहिल्या व्यक्तीने चित्र पाहून त्याचे वर्णन दुसरीस सांगावयाचे, दुसरीने चित्र न पाहताच तिसरीस, अशी सहा-सात जणांची साखळी. निम्म्याहून अधिक साखळ्यांत कोठे ना कोठे तो वस्तरा कृष्णवर्णीयाच्या हाती गेला.

हा प्रयोग वर्गात सांगताना आपणही बहुधा चुकतो. ‘चित्र पाहणाऱ्यांनाच तसे दिसले’ असे सांगितले जाते. वस्तुतः निष्कर्ष कथनाच्या साखळीविषयी आहे. (कथनातील विपर्यासाचा प्रयोगच पुनर्कथनात विपर्यस्त व्हावा, हे नोंदविण्याजोगे आहे.) हा भेद महत्त्वाचा, कारण जेथे प्रत्यक्ष माहिती तुटपुंजी असते, तेथील रिकामी जागा मनातील तयार प्रतिमा भरून काढते, आणि सांगणाऱ्यास आपण खोटे बोललो असे वाटतही नाही.

मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे एका युवकाच्या मृत्यूनंतर शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांविषयी वावड्या उठल्या आणि त्या प्रकरणाशी संबंध नसलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. त्वचेचा रंग हाच पुरावा ठरला. मात्र याला केवळ परदेशीयांविषयीचा प्रश्न मानता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणाऱ्या टोळीचे समजून ठार मारण्यात आले. भाषा मराठीच होती. अनोळखी चेहरा व वेश तेवढा पुरेसा ठरला. भ्रमणध्वनीवरील संदेशांनी वस्तरा आधीच त्यांच्या हाती दिला होता.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील आपले विद्यार्थी रोज लोकलच्या डब्यात अनोळखी माणसांना खेटून उभे असतात. उल्हासनगर तर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वसलेले. नवागतांविषयी काय काय बोलले जाते, हे येथील जुन्या कुटुंबांना सांगावयास नको. अशा वर्गात हा प्रयोग व्याख्यानात सांगण्यापेक्षा करून पाहावा. सात विद्यार्थी, लोकलच्या डब्याचे एक चित्र आणि पाऊण तासाची एक तासिका एवढे पुरते. प्रत्येकाचे कथन शब्दशः लिहून घेण्यास एक विद्यार्थी नेमावा, आणि मूळ चित्र सर्वांत शेवटी फळ्यावर लावावे.