नोत्र दामची राख काय सांगते?

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

१५ एप्रिल २०१९. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहातला सोमवार. पॅरिसमध्ये सीन नदीच्या बेटावर उभ्या असलेल्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये सायंकाळची उपासना चालू होती. थोड्याच वेळात छपरातून धूर निघू लागला आणि रात्रीचे आठ वाजण्यापूर्वीच त्याचा उंच निमुळता कळस ज्वाळांत मोडून कोसळला. नदीच्या काठांवर हजारो माणसे उभी होती. कोणी गुडघे टेकून प्रार्थनागीते गात होते, कोणी नुसतेच रडत होते. आपल्यापैकी अनेकांनी ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले असेल.

मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की दगडाची इमारत जळते कशी? नोत्र दामचे बांधकाम ११६३ च्या सुमारास सुरू झाले. आत उभे राहून वर पाहिले की दिसते ते दगडी कमानींचे छत. परंतु खरे छप्पर त्याच्याही वर असते. दगडी छतावर पाऊस पडू नये म्हणून त्यावर ओक लाकडाचा मोठा सांगाडा उभारून त्यावर शिशाचे पत्रे ठोकले होते. या सांगाड्यात तुळयांची इतकी दाटी होती, की फ्रेंच लोक त्याला ‘अरण्य’ म्हणत. यातील बरेचसे लाकूड बाराव्या-तेराव्या शतकातले, म्हणजे आठशे वर्षे वाळलेले. त्या माळ्यावर आग अडवणाऱ्या भिंती नव्हत्या आणि आपोआप पाणी फवारणारी यंत्रणाही नव्हती. एकदा ठिणगी पडल्यावर आगीला अडवणार कोण?

धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा मात्र होती, आणि तिने आपले काम केलेही. सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास इशारा झाला. पण त्याचा अर्थ लावण्यात चूक झाली. पाहणीसाठी गेलेला रक्षक मुख्य छपराच्या माळ्यावर न जाता शेजारच्या लहान इमारतीच्या माळ्यावर गेला. तेथे काहीच आढळले नाही. चूक उमगून योग्य माळ्यापर्यंत तीनशे पायऱ्या चढून जाईपर्यंत ज्वाळा भडकल्या होत्या. अग्निशामक दलाला वर्दी गेली तेव्हा सुमारे अर्धा तास निघून गेला होता. आठ शतकांचा ठेवा त्या अर्ध्या तासात हातातून निसटला.

मग विमानातून पाणी का ओतले नाही? त्या रात्री जगभर हा सल्ला दिला गेला. पण टनावारी पाणी उंचावरून एकदम आदळले असते तर तापलेले दगडी छत आणि भिंतीही ढासळल्या असत्या. म्हणून सुमारे चारशे जवानांनी नदीचे पाणी खेचून संयमाने आग विझवली. सर्वांत बिकट क्षण आला तो उत्तरेकडील बुरुजापाशी. तेथील प्रचंड घंटा लाकडी चौकटीत टांगलेल्या आहेत. ती चौकट जळाली असती तर घंटांबरोबर बुरुज कोसळला असता, आणि कदाचित त्यापाठोपाठ सारी इमारतच. जवानांची एक तुकडी जीव धोक्यात घालून आत शिरली आणि बुरुज वाचला. खाली माणसांची साखळी करून पवित्र वस्तू व कलाकृती बाहेर काढल्या जात होत्या. दलाने या इमारतीत पूर्वी सराव केलेला होता, म्हणूनच त्या गोंधळात हात नेमके चालले. या आगीत एकही माणूस दगावला नाही. कळस कोसळल्याने दगडी छताला काही ठिकाणी भगदाडे पडली, परंतु बाकीच्या छताने जळत्या तुळयांचा भार पेलला.

तपासात घातपाताचा पुरावा आढळला नाही. विजेचा बिघाड किंवा न विझलेली सिगारेट या शक्यता पुढे आल्या, पण निश्चित कारण ठरले नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या वेळी कळसाच्या दुरुस्तीचे काम चालू होते व भोवती परांची बांधलेली होती. व्हेनिसचे ‘ला फेनिचे’ नाट्यगृह १९९६ मध्ये जळाले, ग्लासगोचे कलाविद्यालय २०१८ मध्ये दुसऱ्यांदा जळाले, कोपनहेगनचे चारशे वर्षांचे जुने शेअरबाजार भवन १६ एप्रिल २०२४ रोजी पेटले. या तिन्ही ठिकाणीही दुरुस्तीच चालू होती! कारणे निरनिराळी असतील, पण तात्पुरत्या तारा, तापणारी हत्यारे, परांचीचा अडथळा आणि नवख्या माणसांची ये-जा यांमुळे दुरुस्तीचा काळ हाच जुन्या वास्तूच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ ठरतो. रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना जी काळजी घ्यावी, तीच येथे घ्यावयास हवी.

पुढची हकिगत मात्र आशादायक आहे. जगभरातून सुमारे ८४ कोटी युरो जमा झाले. कळस नव्या धर्तीचा करावा की पूर्वीसारखाच, यावर पुष्कळ वाद झाला. जळालेला कळसही मध्ययुगीन नव्हता. व्हियोले-ल-द्युक या वास्तुशिल्पज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो उभारला होता. अखेर २०२० मध्ये पूर्वीसारखाच कळस बांधण्याचे ठरले. सुमारे दोन हजार ओक वृक्ष निवडले गेले. सुतारांनी कुऱ्हाडीने तुळया तासल्या आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथेड्रलची दारे पुन्हा उघडली. नव्या माळ्यावर पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडणारी यंत्रणाही बसवली आहे.

पण नाहीसे झालेले ‘अरण्य’ पुन्हा जसेच्या तसे उभारता आले कसे? २०१४ मध्ये दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी त्या सांगाड्याचे बारकाईने मोजमाप घेऊन आराखडे तयार केले होते. त्यापूर्वी अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कला-इतिहासकाराने लेसर किरणांच्या साहाय्याने साऱ्या वास्तूचे मोजमाप नोंदवले होते. टॅलन २०१८ मध्ये निवर्तले. आपल्या नोंदींचे मोल किती होते, हे पाहण्यास ते राहिले नाहीत.

येथे पुण्याचा शनिवारवाडा आठवल्यावाचून राहत नाही. १८२८ साली लागलेल्या आगीत आतले लाकडी महाल खाक झाले. तटबंदी, दरवाजे, चौथरे आणि कारंज्यांचे हौद तेवढे उरले. ते महाल नेमके कसे होते, हे आज आपण वर्णनांवरून ताडत बसतो. ज्याची मोजमापे उरली ते पुन्हा उभे राहू शकले. ज्याचे केवळ वर्णन उरले, ते कायमचे गेले.

नोत्र दामची राख आपल्याला हेच सांगते, की वारसा वाचवायचा तो आग लागण्यापूर्वी. धोक्याची घंटा वाजली तर कुठे धावायचे हे पहारेकऱ्याला पाठ हवे. प्रथम कोणती वस्तू बाहेर काढायची याची यादी तयार हवी. दुरुस्ती चालू असताना पहारा दुप्पट हवा. आणि वास्तूची मोजमापे कागदावर हवीत. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी अधिकाऱ्यांच्या हातातल्या आहेत. चौथी मात्र आपणही करू शकतो. सुटीत गावी गेल्यावर गावातला जुना वाडा, मंदिर, मशीद वा चर्च यांपैकी एखादी वास्तू निवडावी, परवानगी घेऊन फीत धरून ती मोजावी, खांब मोजावेत, नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत आणि ती वही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. ती वही कधी उघडावी लागू नये, हीच इच्छा. पण लागलीच, तर ती कपाटात असली पाहिजे.